खाऱ्या पाण्याचं बेणं

आबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सावडणं झालं. सगळे नदीवरून परत आले आणि कुंडलिकतात्यांनी ओसरीवर बसून नियम सांगितले. तात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ. भावकीत कुणीही गेलं की नियम तेच सांगतात.

"दहावा हुईस्तवर घरातल्या कुणी औताला हात लावायचा न्हाय. गुरांचं चालतंय, मुकी जनावरं हायती. पण त्या तळ्याकडं मातुर कुणी फिरकायचं न्हाय. आबाला त्या शेवाळानंच खाल्लं."

आबा आमच्या खालच्या रानातल्या तळ्याच्या बांधावर कोसळले होते. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका सांगितला. भावकीनं शेवाळ सांगितलं. तीन दिवस येणारा प्रत्येक माणूस ओसरीवर टेकून आधी हळहळायचा आणि मग म्हणायचा, या वयात दिवस-दिवस पाण्यात उभं राहायचं म्हणजे काय. जणू आबा पोहायला गेले होते. मी आतून सगळं ऐकत होते. तिसऱ्या दिवशी मी बाहेर आले.

"तात्या, माझं सुतक किती?"

"तुझं? लेकीला तीन दिवस. तू आता सासरची, लोणी भापकरची. आज डोक्यावरनं पाणी घेतलंस की फिटलं."

"मग मी तळ्यावर जाते."

नियम तात्यांचाच होता. लग्नानंतर मला या घरात परकी ठरवणारे नियम पुष्कळ ऐकले, त्यातला एक माझ्या कामी येण्याची ही पहिलीच वेळ होती.

"वळण न्हाय, काय न्हाय," मागून कुणीतरी पुटपुटलं. "शिकल्याली पोरगी."

माझा धाकटा भाऊ युवराज खांबाला टेकून बसला होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, चार दिवस ऱ्हाऊ दे की. मरत न्हाय ते."

"मरतं," मी म्हणाले, आणि गेले.

*

आबा सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. आयुष्यभर उसाच्या रसातली साखर मोजली. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा आमचं नदीकडचं रान मेलेलं होतं. कालव्याचं पाणी आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. रान ओलंच ठेवायचं, पाणी आलं की द्यायचं, शेजाऱ्यानं दिलं की आपणही द्यायचं, अशी इथली शेती. खालचं मीठ हळूहळू वर आलं. उन्हाळ्यात त्या रानावर पांढरा थर दिसतो, लांबून पाहणाऱ्याला वाटावं चुना सांडलाय. माझं सासर जिरायती. तिथे पाण्याचा टँकर आला की बायका बादल्या घेऊन पळतात. पाणी जास्त झाल्यानं रान मरतं, हे माझ्या सासूबाईंना अजूनही खरं वाटत नाही. त्यांना वाटतं, माहेरचं दुखणंसुद्धा मी श्रीमंतीचं सांगते.

आबांनी त्या रानात ऊस लावायचा नाद सोडला. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न रत्नागिरीच्या बाजूला होतं, तिथे ते गेले आणि लग्न सोडून खाडीवर जाऊन बसले. बांबूच्या तराफ्यांना दोऱ्या बांधून बायका त्यावर लाल-तपकिरी शेवाळाचे तुकडे अडकवत होत्या. उसाच्या कांड्या लावाव्यात तसे तुकडे. बी नाही, रोप नाही. तोडायचं, बांधायचं, वाढलं की पुन्हा तोडायचं. आबांना ते बघून घरच्यासारखं वाटलं असणार. त्या बायकांची पुढारी चंद्राबाई. तिनं सांगितलं की सगळं ठीक असतं, पण उन्हाळ्यात पाणी तापलं की शेवाळ पांढरं पडून सडतं आणि दरवर्षी नवं बेणं, म्हणजे लावायचे तुकडे, शोधत फिरावं लागतं. गेल्या काही वर्षांत समुद्र लवकर तापायला लागलाय.

आबांनी तिच्याकडे घमेलंभर शेवाळ मागितलं. "उसनं नेतो. जगलं तर बेणंच परत आणून देईन."

चंद्राबाई म्हणे हसली. "आमच्या समुद्रात जगत नाय ते तुमच्या उसात जगेल?"

खालच्या रानातल्या बोअरला खारं पाणी लागतं. आबा ते उथळ वाफ्यात सोडून उन्हात आटवायचे, वरून मिठाची आणि पोटॅशची भर घालायचे. या पाण्यात पोटॅश कमी पडतं हे त्यांना दोनदा बरंचसं बेणं मेल्यावर कळलं. खारटपणा मोजायला त्यांनी उसाचा ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघायचा रिफ्रॅक्टोमीटर घेतला. दुर्बिणीसारखा डोळ्याला लावायचा, आतली निळी रेघ कुठे आली ते बघायचं. समुद्राची रेघ कुठे येते ते त्यांनी चंद्राबाईच्या खाडीचं पाणी बाटलीतून आणून ठरवलं होतं. शेडनेट घातलं, तळ्यात प्लॅस्टिकचा कागद पसरला, बाजूला सिमेंटच्या तीन टाक्या बांधल्या. तळ्यात वाढवायचं, टाक्यांत मूळ बेणं जपायचं. टाक्या तीन कारण एकाच तुकड्याची सगळी पोरं. एकाला रोग लागला की सगळी जाणार. म्हणून तीन वेगळ्या तुकड्यांचे तीन वंश.

दर उन्हाळ्यात बहुतेक मरायचं. जे मरायचं नाही त्याचे तुकडे करून आबा पुढच्या वर्षी लावायचे. एवढंच त्यांचं संशोधन. ते त्याला माणसाळवणं म्हणायचे.

"गहू, भात, ऊस आपोआप आपल्या दारात आले न्हाईत, माधवी," ते म्हणायचे. "कुणीतरी निवडत बसलं. समुद्रातलं अजून रानटीच हाय. त्याला माणसाची सवय न्हाय आणि माणसाला त्याची न्हाय."

मी बारामतीला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. शेवाळावरचं जे छापून येईल ते आबांना नेऊन द्यायचे. त्यात असायचं की शेवाळ जगाची भूक भागवणार, जनावरांचा चारा होणार, प्लॅस्टिक घालवणार, हवा शुद्ध करणार. आबा चष्मा काढून म्हणायचे, "आधी एक उन्हाळा काढू दे म्हणावं त्याला. मग जग वाचवू दे."

गावात त्यांना शेवाळेसाहेब म्हणत. तोंडावर म्हणत. पारावरून हाक यायची, "शेवाळेसाहेब, भाजी झाली का?" आबा हात वर करून पुढे जायचे. मला त्या हाकेचा आबांपेक्षा जास्त राग यायचा, आणि युवराजला माझ्यापेक्षा जास्त. फरक एवढाच की त्याचा राग आबांवर निघायचा.

जायच्या आठवड्यात आबांनी चंद्राबाईला फोन केला. लागोपाठ दोन उन्हाळे बेणं पांढरं पडलं नव्हतं. तयार आहे, म्हणाले, येऊन घेऊन जा. चैत्र सरता सरता येते, ती म्हणाली. ती येईपर्यंत ते जिवंत ठेवायचं, एवढंच आता माझ्यापुढे होतं.

*

मी रजा वाढवली. सकाळी आणि दुपारी टाक्यांतलं शेवाळ लाकडी वल्ह्यानं उलथायचं, नाहीतर तळाचं गुदमरतं. वर धरलेली हिरवी साय काढायची. रेघ बघायची, पाणी उन्हानं आटलं की खारटपणा चढतो, मग हौदातलं ठेवलेलं पाणी बेताबेतानं सोडायचं. आई न बोलता वाफ्याच्या कडेपर्यंत यायची आणि तिथून हातानं खुणा करायची: ती टाकी आधी, शेडनेटचा तो कोपरा ओढ. तिला सुतक होतं, म्हणून ती कडेच्या अलीकडे थांबायची.

याच दिवसांत राजवर्धन भेटायला आला. आमच्या भागातल्या मोठ्या घरातला. बारामतीला त्याची पिकांच्या औषधांची कंपनी आहे. सीवीडच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, अर्काच्या बाटल्या विकतो. ऊसवाले, डाळिंबवाले, सगळे फवारतात. चार वर्षांपूर्वी आबा त्याच्या ऑफिसात डबा भरून शेवाळ घेऊन गेले होते. त्यानं दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि मग म्हणाला होता, काका, आम्हाला परदेशातून पावडर येते गोणीनं, तुम्ही या वयात कशाला त्रास घेता. आबांनी घरी येऊन हे हसत सांगितलं होतं.

आता त्यानं पांढरा सदरा घातला होता. ओसरीवर चहा नाकारून बसला, कारण सुतकाच्या घरचा घेत नाहीत.

"ताई, आबांचं काम फार मोठं होतं. आम्ही कायम त्यांच्या पाठीशी होतो."

"कुठे?" मी विचारलं.

युवराज खाकरला. राजवर्धन माझ्याकडे बघून समजूतदार हसला. दुःखातल्या बाईशी हसावं तसं.

"आता सरकारचं धोरण आलंय. क्षारपड जमिनीवर शेवाळ, मोठा प्रकल्प होतोय. आबांचं बेणं आमच्या केंद्रात आणू. जातीची नोंद करू कंपनीच्या नावानं, आणि जातीला नाव देऊ 'दत्तोबा'. त्यांचं नाव घराघरात जाईल."

"ते बेणं द्यायचं ठरलंय. रत्नागिरीकडच्या बायकांना. आबांनी शब्द दिलाय."

"बचतगट?" तो म्हणाला. "ताई, बचतगटाला लोणची पापड ठीक आहे. हे तंत्रज्ञान आहे. त्या बायकांना काय कळणार त्यात?"

"त्यांच्याकडूनच आणलंय."

"आणलं असेल. पण वाढवलं इथं ना? आपल्या मातीत?" त्यानं युवराजच्या खांद्यावर हात ठेवला. "युवराज, तू विचार कर. तुझ्या हाताखाली केंद्र राहील."

तो गेल्यावर मी युवराजला म्हणाले, "त्या माणसानं आबांना दुपारपर्यंत बसवून ठेवलं होतं."

"मला म्हाईत हाय."

"मग?"

"मग काय ताई? तू बारामतीला. मी हितं. पारावरनं जाताना मला काय म्हणत्यात तुला म्हाईत हाय का? शेवाळ्याचा पोरगा. आता ते म्हणायचं बंद हुईल, एवढं कळतंय मला." तो उठला. "आणि माझ्यासंगं कवा बोलले आबा त्या शेवाळाबद्दल? सगळं तुला. तू आलीस की तळ्यावर, तू गेलीस की गप."

ते खरं होतं. पण खरं असल्यानं त्याचा अधिकार वाढतो असं मला वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही.

*

सातव्या दिवशी पाटाला पाणी आलं.

पाण्याची पाळी आली म्हटल्यावर वस्ती उठली. माझ्या लक्षात आलं की घरातल्या मंडळींनी फावडी उचलली आहेत. मी तात्यांना विचारलं, "औताला हात लावायचा नाही ना?"

"अगं, पाटाच्या पाण्याला कसलं सुतक? पाळी चुकली की गेली. वाट बघती व्हय ती?"

हे मला मान्य होतं. ऊस उभा होता, पाणी हवं होतं. मी आईजवळ जाऊन बसले. तेवढीच एक दुपार मी तळ्याकडे गेले नाही. आईला ताप होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर तळं काठोकाठ भरलेलं. गढूळ, गार, पाटाचं पाणी. कडेला तात्या फावड्यावर रेलून उभे, चेहरा धुतल्यासारखा.

"आबाचं तळं पार आटलं हुतं गं," ते म्हणाले. "उरल्यालं पाणी सोडलं हिकडं. म्हटलं, गेल्या जिवाला समाधान वाटंल. मीच म्हणलो हुतो फिरकू नका, पण मला ऱ्हाववंना. नियम मोडला म्हण तू म्हाताऱ्यानं."

मी रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावला. निळी रेघ तळाशी जाऊन बसली होती. पाणी जवळपास गोडं.

"तात्या, हे मरेल आता."

"काय?"

"हे शेवाळ. गोड्या पाण्यात मरतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. ऐंशीच्या घरातला माणूस. आयुष्यभर पाण्यासाठी भांडलेला, पाटकऱ्याशी, भावांशी, एकदा सख्ख्या मेव्हण्याशी. "गोड्या पाण्यानं कुणी मरतं का गं?" ते म्हणाले. त्या आवाजात थट्टा नव्हती.

मी त्यांच्यावर ओरडू शकले असते. खूप वाटलं. त्याऐवजी मी पंप लावला आणि युवराजला हाक मारली, आणि तो आलाही. आम्ही तळ्यातलं पाणी उपसत दिवस घालवला, पण वाफ्यात आटवलेलं खारं पाणी पुरेना. दोन दिवसांत तळ्यातलं शेवाळ आधी गुलाबी, मग मळक्या दोऱ्यासारखं झालं. वास वस्तीवर पोचला. लोक नाकाला पदर लावून म्हणाले, बघा, मालक गेला तसं तेबी गेलं, जिवाला जीव लावलेला. एका बाईनं तर डोळे पुसले. मला त्या क्षणी त्या सगळ्यांचा इतका संताप आला की मी आत जाऊन दार लावून घेतलं. शोक करायला त्यांना काहीही चालत होतं. त्यांनी स्वतः मारलेलंही चालत होतं.

आता राहिलं ते फक्त टाक्यांतलं. तीन टाक्या, त्यातली एक उन्हाच्या तापानं अर्धी कमी झालेली. आबांच्या सगळ्या उन्हाळ्यांचं तेवढंच.

*

दहावा नदीच्या घाटावर. नीरेला पाणी कमी होतं. युवराजनं डोकं भादरून घेतलं, भटजींनी पिंड मांडले, आणि कावळा लगेच शिवला. लोकांना जरा चुकल्यासारखं झालं. आबांची काही इच्छा राहिली असेल, कुणीतरी पुढे होऊन शब्द देईल, अशी सगळ्यांची तयारी होती. कावळ्याला भूक होती. मग प्रवचन झालं आणि मग आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे माईकवरून श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. ती काही केल्या थांबेनात.

कारखान्याचे माजी संचालक बोलले. सोसायटीचे बोलले. ज्यानं पारावरून 'भाजी झाली का' विचारण्यात कधी खंड पडू दिला नाही, तो आबांना द्रष्टा म्हणाला. मी बायकांत बसले होते. हातातल्या रुमालाचं मी काय केलं कोण जाणे, नंतर तो फाटलेला सापडला.

राजवर्धन शेवटी बोलला. चांगला बोलतो. आबांनी आमच्या कंपनीच्या मार्गदर्शनाखाली हा प्रयोग केला, म्हणाला. त्यांचं स्वप्न आता या तालुक्यातल्या प्रत्येक खाऱ्या रानात उतरेल. "युवराजच्या संमतीनं आज सायंकाळी ते बेणं आमच्या केंद्रात सुरक्षित हलवत आहोत. हीच खरी श्रद्धांजली."

मी युवराजकडे पाहिलं. तो गुळगुळीत डोकं खाली घालून बसला होता. म्हणजे खरं होतं.

"कुटुंबाच्या वतीनं युवराज आभार मानतील," निवेदक म्हणाला.

युवराज उठला, माईक घेतला, "सर्वांचे" म्हणाला आणि रडायला लागला. खोटं नव्हतं ते. बाप त्याचाही गेला होता. मी उठून गेले आणि त्याच्या हातातून माईक घेतला. मागे बायकांत कुजबुज झाली. आमच्याकडे लेकी घाटावर रडतात, बोलत नाहीत.

"आभार," मी म्हणाले. "आबांना कुणी मार्गदर्शन केलं नाही. त्यांना शेवाळेसाहेब म्हणत होतात, आणि ते आत्ता इथे बसलेलेच म्हणत होते. त्याबद्दल मी आज बोलत नाही."

लाऊडस्पीकर जरा खरखरला.

"ते बेणं आबांनी उसनं आणलं होतं. रत्नागिरीकडच्या चंद्राबाईंकडून, परत देतो म्हणून. ती न्यायला येणार आहे. तुम्ही सगळे शेतकरी आहात. उसनं आणलेलं बेणं तिसऱ्याला देतात का, एवढंच सांगा. देत असाल तर आज संध्याकाळी टेम्पो येऊ दे."

उसन्या बेण्याची गोष्ट आमच्याकडे कायद्यापेक्षा जुनी आहे. उसनं बेणं बुडवलेल्या घरात सोयरीक करताना अजूनही माणसं दोनदा विचारतात. अमक्याच्या आज्यानं तमक्याचं ज्वारीचं बी परत केलं नाही, हे नातवांच्या लग्नात निघतं. सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि राजवर्धन सगळ्यांकडे.

कुंडलिकतात्या काठी टेकत उठले.

"उसनं हाय म्हंजी देयाचं. त्यात सभा कसली घ्यायची?" ते युवराजकडे वळले. "आरं, तुला म्हाईत नव्हतं का?"

"व्हतं," युवराज हळू म्हणाला, पण माईक नसतानाही सगळ्यांना ऐकू गेलं.

राजवर्धननं माझ्याकडून माईक घेतला. चेहरा जराही बदलला नव्हता. "ताईंच्या भावना आम्ही समजू शकतो. आमची कंपनी ते बेणं चंद्राबाईंपर्यंत पोचवायची संपूर्ण व्यवस्था करेल."

"तुमी कशाला?" तात्या म्हणाले. "बाई येणार हाय म्हणती न्हवं ती."

लोक उठायला लागले. जेवणाची वेळ झाली होती. दोन दिवसांनी पेपरात घाटावरचा फोटो आला. 'मार्गदर्शनाखाली' हा शब्द तसाच छापला होता. मी संपादकांना पत्र लिहिलं. ते आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, पण लिहिलं.

*

चंद्राबाई त्याच आठवड्यात एसटीनं आली. बरोबर सून, आणि झाकणाची दोन पिंपं. आबा गेल्याचं तिला माहीत नव्हतं. फोन कुणी केलाच नव्हता, मीही नाही. मी टाक्या सांभाळण्यात इतकी गुंतले होते की ज्यांच्यासाठी सांभाळत होते त्यांना कळवायचं राहिलं. कळल्यावर ती ओसरीवर आईचा हात धरून बसली. मग उठून टाकीवर गेली.

तिनं शेवाळाची एक फांदी काढली, बोटांत चुरली, दातांत धरून बघितली.

"हे आमचं नाय गो," ती म्हणाली.

मी घाईनं म्हणाले, "त्याच घमेल्यातलं आहे. तुम्हीच दिलेलं."

"असेल. पण बदललंय. जाड झालंय, आखूड. बसून खाल्लेल्या बाईसारखं." तिची सून हसली. "उन्हाला टिकेल, ते दिसतंय. पण ह्याला लाटेची सवय नाय. ह्याला तुझ्या बापानं हातानं हलवलंय. समुद्र असा हळू हलवत नाय."

आबांनी एवढे उन्हाळे निवडून जे उरवलं, ते माणसाळलं होतं. आता त्याला पुन्हा समुद्रात पाठवायचं होतं. याचा विचार आबांनी केला होता का, मला माहीत नाही. विचारायला ते नव्हते, आणि त्या क्षणी मला त्यांचाही राग आला.

"मग काय करायचं?"

"आधी खाडीच्या कोंडीत ठेवीन. वारं लागत नाय तिथं. मग थोडं दोरीवर. सगळं एकदम नाय." तिनं तिन्ही टाक्या बघितल्या. "दोन टाक्यांतलं नेते. ही एक इथं ऱ्हाऊ दे."

"पण ते तुमचं आहे."

"माझंच हाय म्हणून सांगत्ये. आमच्याकडं मेलं तर मी परत कोणाकडं येऊ?"

मग ती युवराजकडे वळली. तो पिंपं धरून उभा होता, घाटावरच्या दिवसापासून माझ्याशी बोलत नव्हता. "तू ठेवशील?"

"मला त्यातलं काय कळत न्हाय."

"तुझ्या बापाला तरी कुठं कळत होतं? पहिल्या वर्षी मला फोन करून विचारायचा, पांढरं झालं, आता काय करू. मी म्हणायची, फेकून दे. फेकलं नाय, एवढंच."

युवराज पिंपांत खारं पाणी भरायला लागला. मी रेघ बघितली, ती बरोबर होती. मी सांगितलं नव्हतं तरी बरोबर होती.

*

वैशाखात तिचा फोन आला तेव्हा मी वस्तीवरच होते. उधाण आलं, म्हणाली, दोरीवरचं अर्धं लाटेनं नेलं. उरलेलं धरून आहे. बाकीच्या तराफ्यांवरचं पांढरं पडलं, हे पडलं नाही. पण जगलं म्हणू नको अजून, पाऊस लागू दे, खाडीत गोडं पाणी उतरेल तेव्हा बघू.

मी खाली तळ्याकडे गेले. तळं कोरडं होतं, कागद फाटलेला. युवराज टाकीत वल्हं घालून उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं.

"अर्धं गेलं," मी म्हणाले.

"म्हंजी अर्धं टिकलं की," तो म्हणाला. "टिकल्यालंच तोडून लावायचं, दुसरं काय."

हे अगदी आबांचं बोलणं होतं. ते त्याच्या तोंडून ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला रागच आला. तळ्याच्या बांधावर एक माणूस वर्षानुवर्षं एकटा उभा राहिला, तेव्हा हे वाक्य माहीत असूनही हा बोलला नव्हता.

"हे आबा असताना एकदा तरी म्हणायचं होतंस," मी म्हणाले.

"व्हय," युवराज म्हणाला, आणि शेवाळ उलथत राहिला.